गोठलेला फवारा

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात विंडसरपासून क्वेबेकच्या सीमेपर्यंत आठशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा जो ४०१ क्रमांकाचा महामार्ग आहे, त्यावर डिसेंबर ते मार्च या मुदतीत मोटार चालविणाऱ्या मनुष्याला समोरची काच स्वच्छ राखण्याची किती निकड भासते, याची कल्पना आपल्याकडील पावसाळ्यावरून येत नाही. पावसाचे पाणी वायपरच्या एका फेऱ्यात निघून जाते आणि मागे काही ठेवीत नाही. तिकडच्या हिवाळ्यात मात्र रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून सरकारी खात्याकडून मीठ पसरण्यात येते, त्या मिठाचा आणि अर्धवट विरघळलेल्या हिमाचा करडा चिखल पुढच्या ट्रकच्या चाकांखालून उडून काचेवर येतो, आणि वाऱ्याच्या झोतात त्यातील पाणी निघून गेले की काचेवर मिठाचा दुधाळ पापुद्रा तेवढा उरतो. टोरांटोच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरच्या मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर असतो. त्याचा तिरपा प्रकाश या पापुद्र्यावर पडला म्हणजे पुढचा रस्ता, पुढची गाडी, कडेचा फलक, सारे काही क्षणात एका पांढऱ्या पडद्याआड जाते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २८ मीटर अंतर तोडते. अशा वेळी कोरडा वायपर फिरविला तर तो मीठ पुसत नाही, सारवतो. आणि वॉशरची कळ ओढूनही काचेवर थेंब येत नसेल, तर त्या मनुष्याने गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन थांबावे, कारण आता धोका त्याच्या एकट्याच्या जिवापुरता राहिलेला नसतो.

ही अडचण निवारणारी यंत्रणा मोटारीतील अत्यंत साध्या यंत्रणांपैकी एक आहे, आणि साधी असल्यामुळेच बहुधा उपेक्षित राहते. अलाबामातील मेरी अँडरसन या बाईंनी आतून हाताने फिरविण्याच्या वायपरचे एकस्व १९०३ मध्ये मिळविले. परंतु पुसण्यापूर्वी काच ओली करण्याची सोयही गाडीतच असली पाहिजे, हा विचार सर्वमान्य होण्यास पुढे पुष्कळ काळ जावा लागला, आणि अमेरिकेत वायपरच्या जोडीने वॉशर असलाच पाहिजे असा सरकारी दंडक १९६८ पासून अमलात आला. आजच्या गाडीत पुढच्या बंपरमागे किंवा मडगार्डच्या पोकळीत दडविलेली अडीच ते पाच लिटरांची प्लास्टिकची टाकी असते. तिच्या तळाशी रबरी ग्रोमेटमध्ये दाबून बसविलेला, मुठीत मावणारा, बारा व्होल्टांवर चालणारा पंप असतो. पंपापासून निघालेली बारीक नळी बॉनेटच्या बिजागरीजवळून वर जाते, टी-जॉइंटपाशी दुभागते आणि दोन नोझलांना मिळते. वाटेत बहुधा एक छोटा एकदिशा व्हॉल्व्ह असतो, जो वर चढलेला द्रव पुन्हा टाकीत उतरू देत नाही. ज्या गाड्यांना मागच्या काचेवरही वायपर असतो, त्यांतील कित्येकांत एकच पंप एका दिशेने फिरला की पुढे आणि उलट फिरला की मागे द्रव धाडतो. सारा कारभार एवढ्यात आटोपतो.

इतक्या सरळ यंत्रात थंडीने बिघाड झाला, तर पहिला संशय यंत्रावर न घेता आतील द्रवावर घ्यावा, आणि द्रवाचा निकाल लागेपर्यंत यंत्राचा एकही भाग खोलू नये, असे माझे ठाम मत आहे. उन्हाळ्यात कोणीतरी टाकीत नळाचे पाणी भरलेले असते, अथवा दुकानातून स्वस्त म्हणून आणलेला उन्हाळी द्रव अद्याप आत मौजूद असतो, आणि नोव्हेंबरातील पहिल्या कडाक्याच्या रात्री त्याचा दगड होतो. शून्य अंशावर गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. टाकीचे प्लास्टिक लवचीक असल्यामुळे ती पुष्कळदा नुसती फुगून निभावते. परंतु पंपाची नळी जोडण्याची नाजूक चोच, टी-जॉइंट आणि व्हॉल्व्हची डबी यांच्यात तेवढी लवचिकता नसते, आणि फुटावयाचे ते नेमके तेथे फुटते. बर्फ आहे तोवर ही फूट दिसत नाही, कारण बर्फच तिला बुजवून बसलेला असतो. म्हणून गोठलेल्या अवस्थेत केलेली तपासणी विश्वासार्ह नसते.

हिवाळी द्रवात पाण्याला गोठू न देण्याचे काम मद्यार्काकडे असते. ग्रनोबल येथील प्राध्यापक फ्रांस्वा-मारी राउल यांनी १८८० नंतरच्या दशकात द्रावणांच्या गोठणबिंदूंची जी पद्धतशीर मोजणी केली, तिच्यातून असे निष्पन्न झाले की विरल द्रावणाचा गोठणबिंदू किती खाली जाईल, हे विरघळलेल्या पदार्थाच्या वजनावर नव्हे, तर त्याच्या रेणूंच्या संख्येवर अवलंबून असते. एक किलो पाण्यात पदार्थाचा एक मोल विरघळला, तर गोठणबिंदू १.८६ अंश सेल्सिअसने उतरतो. या नियमाने हिशेब केला तर दहा मोलांनी तो साडेअठरा अंशांच्या आसपास खाली जावा. आणि दहा मोल म्हणजे मिथेनॉलचे ३२० ग्रॅम, एथेनॉलचे ४६० ग्रॅम, तर आयसोप्रोपेनॉलचे ६०० ग्रॅम. सर्वांत हलक्या रेणूचे मिथेनॉल थोड्या वजनात सर्वांत अधिक काम करते, शिवाय स्वस्त पडते. उत्तर अमेरिकेतील निळ्या द्रवाने भरलेल्या डब्यांत तेच का असते, याचा खुलासा या तीन आकड्यांत आहे. अमेरिकेत त्या डब्यांवर बहुधा उणे २० अंश फॅरेनहाइट, म्हणजे उणे २९ अंश सेल्सिअस, असे छापलेले आढळते, तर कॅनडात उणे ४० सर्रास दिसते. हा आकडा दोन्ही मापनपद्धतींत एकच येतो.

पण येथे फार मोठी सावधगिरी बाळगावयास हवी. मिथेनॉल हे विष आहे. शरीरात गेल्यावर यकृतातील विकरे त्याचे प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि नंतर फॉर्मिक आम्ल बनवितात, आणि हे आम्ल डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेची हानी करून माणसाला आंधळे करते किंवा त्याचा जीव घेते. मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच द्रव्याने. युरोपीय संघाने मे २०१९ पासून सामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या वॉशर-द्रवात मिथेनॉलचे प्रमाण वजनाने ०.६ टक्क्यांखाली ठेवण्याची सक्ती केली, आणि तेथील द्रव आता मुख्यत्वे एथेनॉलवर बेतलेले असतात. हा निर्णय मला सर्वथा योग्य वाटतो. खर्च थोडा वाढला तरी घरातील बालकाच्या हाती लागू शकणाऱ्या रंगीत बाटलीत विष नसावे, हे अधिक महत्त्वाचे. जेथे मिथेनॉलचाच द्रव मिळतो, तेथे तो मूळ डब्यातच ठेवावा, सरबताच्या रिकाम्या बाटलीत कदापि ओतू नये. आपल्याकडे पेट्रोल काढताना नळी तोंडाला लावून ओढण्याची जी घातक सवय पुष्कळांना जडली आहे, ती तर वॉशरच्या टाकीपाशी पूर्ण वर्ज्य समजावी.

हिवाळी द्रव भरूनही फवारा बंद पडावा, याला दोन कारणे आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. पहिले असे की पाणी व मद्यार्क यांचे मिश्रण एका ठराविक अंशावर एकदम घट्ट होत नाही. त्यातून आधी शुद्ध पाण्याचे बारीक स्फटिक वेगळे होऊ लागतात, उरलेल्या द्रवातील मद्यार्काचे प्रमाण त्यामुळे वाढते आणि तो आणखी थोड्या थंडीपर्यंत पातळ राहतो. टाकीत या वेळी किसलेल्या बर्फाच्या गोळ्यासारखा ओला रवा तयार झालेला असतो. पंप फिरतो, त्याचा गुणगुण आवाज ऐकू येतो, परंतु तळाच्या जाळीवर हा रवा साचून राहतो आणि नोझलातून जेमतेम लाळ गळावी इतपतच द्रव निघतो. अर्ध्या टाकीत उन्हाळ्याचे पाणी असताना वरून उणे ४० चा द्रव ओतून जो निश्चिंत होतो, त्याच्या वाट्याला हीच अवस्था येते. कारण निम्मे पाणी मिसळल्यावर संरक्षण निम्मे उरत नाही, निम्म्याहूनही कमी उरते, आणि अशा टाकीला उणे वीसची रात्र सोसत नाही.

दुसरे कारण काचेवर आणि नोझलाच्या तोंडाशी घडते. मद्यार्क पाण्यापेक्षा लवकर उडतो. नोझलाच्या छिद्रात अडकून राहिलेल्या थेंबातून तो तासन्‌तास उडत राहिला की तेथे पाण्याचे प्रमाण वाढते आणि छिद्राच्या तोंडाला बर्फाचे सुईएवढे बूच बसते. टाकीतील द्रव अगदी ठीक असतानाही सकाळची पहिली ओढ फुकट जाते ती यामुळे. काचेवर हीच क्रिया डोळ्यांदेखत चालते. उणे पंधराच्या हवेत महामार्गावरून जाताना उणे २९ चा द्रव काचेवर फवारला, तर वायपरच्या मागोमाग पिसाच्या आकाराच्या बारीक रेषा कडेकडून आत पसरताना दिसतात आणि दोन-तीन सेकंदांत काच धुरकट होते. पुष्कळ लोक याचा दोष वाऱ्याला देतात. वारा कोरड्या वस्तूला हवेच्या तपमानाखाली नेऊ शकत नाही. परंतु तो बाष्पीभवन वाढवितो, बाष्पीभवन आपली अप्रकट उष्णता काचेकडून वसूल करते, आणि मद्यार्क निघून गेल्यावर राहिलेले पाणी त्या अधिक गार झालेल्या काचेवर गोठते. म्हणून हीटरचा झोत काचेकडे वळवून ती आतून चांगली ऊबदार झाल्यावाचून फवारा सोडू नये, हा तिकडच्या अनुभवी चालकांचा शिरस्ता पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. प्रथम वायपर काचेला चिकटलेले नाहीत याची हाताने खातरजमा करावी, कारण बहुतेक गाड्यांत वॉशरची कळ ओढताच वायपरही आपोआप हलतात आणि ते बर्फात जखडलेले असले तर त्यांच्या मोटारीवर नाहक भार येतो. मग रेडिओ व पंखा बंद करून, क्षणभरच कळ ओढून, कान द्यावा. पंपाचा आवाज आला, तर वीज पोहोचते आहे आणि दोष द्रवाच्या वाटेत आहे. काहीच आवाज आला नाही, तर पंप बर्फाने जखडला असेल, फ्यूज उडाला असेल, किंवा जोडणीत मिठाचा गंज चढला असेल. कोणत्याही प्रकारात कळ धरून ठेवू नये. अडलेल्या मोटारीतून नेहमीच्या कित्येक पट विद्युत्प्रवाह वाहतो. त्याने फ्यूज उडाला तर नशीब समजावे, नाहीतर वेटोळे जळते, आणि एरवी फुकटात सुटणाऱ्या अडचणीचे रूपांतर नवा पंप विकत घेण्यात होते.

बर्फ वितळविण्याचा उत्तम उपाय म्हणजे वेळ. तापविलेल्या गॅरेजात किंवा एखाद्या व्यापारी संकुलाच्या तळघरातील वाहनतळात गाडी काही तास उभी करावी. टाकीतील बर्फाचा गठ्ठा मोठा असल्याने तासाभरात काम होईल अशी अपेक्षा करू नये. इंजिनाच्या उष्णतेने नळ्या लवकर मोकळ्या होतात, परंतु बंपरमागची टाकी थंड वाऱ्यात असल्यामुळे ती चालत्या गाडीत बहुधा गोठलेलीच राहते. नोझलांना आणि बॉनेटखालील नळीला हेअर ड्रायरची ऊब देण्यास हरकत नाही. उकळते पाणी मात्र काचेवर किंवा टाकीत मुळीच ओतू नये. समोरची काच म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून जोडलेल्या दोन काचा असतात. गोठलेल्या पृष्ठभागावर कढत पाणी पडले की तो भाग एकदम प्रसरण पावतो, भोवतालचा भाग तसाच आकसलेला राहतो, आणि खड्याने पडलेला जुना बारीकसा टवका पाहता पाहता काचभर तडा होऊन धावतो. इंजिनाचे कूलंट टाकीत ओतण्याची युक्तीही कोणी सुचविली तर ऐकू नये. त्यातील ग्लायकॉल काचेवर तेलकट थर धरते, सहजासहजी उडून जात नाही, आणि शिवाय मूत्रपिंडांचा नाश करणारे ते विष चवीला गोड असल्याने घराभोवतीची कुत्री-मांजरे ते चाटून मरतात.

बर्फ विरघळल्यावर खरी तपासणी सुरू होते. गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरून कळ ओढावी. द्रव टाकीच्या जागेखाली पडला तर टाकी, ग्रोमेट किंवा पंपाची चोच यांपैकी काहीतरी गेले आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूने ओघळला तर टी-जॉइंट किंवा बिजागरीजवळची नळी पाहावी, कारण बॉनेटच्या प्रत्येक उघडझापेबरोबर तेथे नळी वाकते आणि थंडीने ताठरलेले रबर नेमके त्या वाकणात चिरते. नळीचा तुकडा व जॉइंट अल्प किमतीत मिळतात. टाकीला तडा गेला असेल तर तो सामान्य चिकटद्रव्यांनी बुजविण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. या जातीच्या प्लास्टिकला ती धरत नाहीत, तेथे प्लास्टिक वितळवून जोडणारा कारागीर तरी हवा, नाहीतर नवी टाकी.

पंप बदलण्याचे काम मात्र घरी करण्यासारखे आहे. अनेक गाड्यांत चाक एका बाजूस पूर्ण वळवून, चाकाच्या पोकळीतील प्लास्टिकच्या अस्तराच्या चार-सहा क्लिपा काढल्या की टाकीचा तळ दिसू लागतो. त्या क्लिपा थंडीत कडक होऊन तुटतात, म्हणून काम ऊबेतच करावे. विजेचा जोड काढून, खाली परात ठेवून, पंप हलकेच फिरवीत वर ओढला की तो ग्रोमेटातून सुटतो आणि टाकीतील सारा द्रव परातीत येतो. आता तो ग्रोमेट बोटाने बाहेर काढून उजेडात धरावा. त्याच्या आतल्या तोंडाला नाण्याहून लहान जाळी असते, आणि वर्षानुवर्षे साधे पाणी भरलेल्या गाडीत त्या जाळीवर हिरवट-तपकिरी, बुळबुळीत साय धरलेली आढळते. नळाच्या पाण्यातले शेवाळ, झाडांची कुजलेली पाने आणि साबणाचा गाळ यांनी ती बनलेली असते. कित्येकदा पंप निर्दोष असतो आणि अपराधी ही सायच असते. जाळी कोमट पाण्यात जुन्या दातघाशणीने धुवावी, टाकी खळखळून काढावी, ग्रोमेट परत बसवून त्याला वॉशरचाच द्रव लावावा आणि पंप सरळ दाबून आत ढकलावा. ग्रीस किंवा तेल लावू नये. त्याने रबर फुगते व पुढे गळती लागते. नव्या पंपास जोडण्यापूर्वी जोडातील तारांवर टेस्ट लॅम्प लावून कळ ओढून पाहिली, तर दोष पंपात होता की विजेत, याचा निकाल तेथल्या तेथे लागतो.

मग टाकी हिवाळी द्रवाने भरावी, आणि नोझलातून त्याचा निळा रंग दिसू लागेपर्यंत फवारा सोडावा. हा शेवटचा भाग बहुतेक लोक गाळतात. टाकीत नवा द्रव आला तरी नळीत जुने पाणी तसेच असते, एकदिशा व्हॉल्व्ह त्याला खाली उतरू देत नाही, आणि त्याच रात्री ते पुन्हा गोठते. मागच्या काचेची नळी तर गाडीच्या संपूर्ण लांबीतून जाते. तिच्यातील पाणी निघण्यास पुढच्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळ कळ धरावी लागते. पंप तापू नये म्हणून मध्ये मध्ये थांबावे.

महाराष्ट्रातून लडाखला मोटारीने जाणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे आणि त्यांच्यातील काही हिवाळ्यातही जातात, म्हणून त्यांच्यापुरते चार शब्द. पुण्यात भरलेले पाणी लेहला निरुपयोगी ठरते. तेथे जानेवारीची रात्र उणे दहा अंशांच्या खाली सहज उतरते. आपल्या बाजारात वॉशरसाठी म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांवर गोठणबिंदूचा उणे आकडा छापलेला नसेल, तर तो द्रव निव्वळ साबण समजावा. खराखुरा हिवाळी द्रव मिळाला नाही, तर डोंगर चढण्याआधी टाकी, नळ्या आणि नोझले पूर्ण रिकामी करावीत, आणि काच पुसण्यासाठी कापड व छोटी बाटली गाडीच्या आत, उबेत ठेवावी. कोरड्या टाकीने पंप चालवू नये एवढे लक्षात असले म्हणजे झाले. घरातील धुण्याची पूड पाण्यात कालवून भरणे मात्र उन्हाळ्यातही टाळावे, तिचा न विरघळलेला अंश नोझल बुजवितो.

दुरुस्ती करून टाकी भरल्यावर शेवटी नोझलांची दिशा पाहावी. जुन्या धर्तीच्या नोझलात पितळी किंवा प्लास्टिकची गोळी असते. तिच्या छिद्रात बारीक टाचणी घालून ती अलगद वर-खाली वळविता येते. उभ्या गाडीत धार काचेच्या मध्याच्या थोडी वर लागेल अशी ठेवावी, कारण महामार्गाच्या वेगात वारा तिला दाबून खाली आणतो, आणि उभ्या गाडीत नेमकी मध्यावर पडणारी धार ताशी १०० किलोमीटरला वायपरच्या मुळाशीच विरून जाते. पंख्यासारखा पसरट फवारा देणाऱ्या नव्या नोझलांत टाचणी घालू नये. त्यांच्या आतील वळणदार वाटा नाजूक असतात आणि बहुतेकांची दिशा कारखान्यातच ठरविलेली असते.